दाजींचं नाव निघत नाही

मृत्युंजयअण्णा तरातरा ऑफिसात शिरले आणि खुर्चीवर टेकायच्या आतच कडाडले, "प्रिया, त्या चन्नवीरचं नाव काढून टाक कम्प्युटरातनं. आत्ताच्या आत्ता!"

चन्नवीर म्हणजे अण्णांच्या बहिणीचे यजमान, गडहिंग्लजचे दाजी. शिवाजी पेठेतल्या या ऑफिसातून अण्णा शेतीचे पंप विकत आणि त्यातले निम्मे दाजींच्या एजन्सीतून खपत. पण आदल्या दिवशी अण्णांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, आणि आहेरात मिळालेला फेटा दाजींनी डोक्याला न बांधता सगळ्या पाहुण्यांदेखत ड्रायव्हरला जीपच्या काचा पुसायला दिला. फेटा हलका होता, हे खरं. पण म्हणून असं चारचौघांत दाखवायचं असतं होय?

ऑफिसातला कम्प्युटर सांभाळणाऱ्या प्रियदर्शनीनं दाजींचं नाव निवडून बटण दाबलं. पडद्यावर लाल चौकट आली : 'या व्यक्तीच्या हाताखाली माणसं आहेत. नाव काढता येणार नाही.'

"कोण म्हणतंय?"

"डेटाबेस म्हणतोय, अण्णा."

"त्येला इकत कुणी आणलाय?"

साल एकोणीसशे नव्याण्णव. माहितीचे तक्ते सांभाळणारा डेटाबेस एका कंपनीचा, तर पडद्यावरचे फॉर्म आणि छापील चिठ्ठ्या तयार करायचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कंपनीचं. या दोघांची सोयरीक जमवता जमवता प्रियदर्शनी मेटाकुटीला आली होती. याचं बोलणं त्याला कळायचं नाही, रुसवेफुगवे दोन्हीकडून. आता कुठं ती जोडी सुखानं नांदायला लागली होती. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, हे अण्णा याच महिन्यात ठरवणार होते. चांदीचे दागिने घडवणाऱ्या हुपरीहून निघताना वडिलांनी, नेमिनाथांनी, बजावलं होतं, "कायम झालीस तर बरं. न्हाईतर घरात बसून पैंजणांना घुंगरं लाव." घुंगरांचं तिला वावडं नव्हतं, हुकमाचं होतं.

"दाजींच्या हाताखाली दुकानदार हायत," तिनं समजावलं. "त्यांच्या खाली शेतकरी, शेतकऱ्यांच्या खाली पंप. दाजींना काढलं तर ही सगळी उघड्यावर. म्हणून तो अडवतोय."

"मग समद्यांस्नीच काढ!"

"काढता येतंय की. एक शब्द लिहिला की दाजींसकट खालचं सगळं साफ. पर उद्या एखादा शेतकरी गॅरंटीतला पंप घेऊन आला, तर तो आपला हाय का न्हाई, ह्येच आपल्याला कळणार न्हाई."

"लिही तो शब्द!"

"मी लिहिणार न्हाई."

अण्णांना 'न्हाई' ऐकायची सवय नव्हती. घरात त्यांची बायको रत्नव्वा तो शब्द वापरायची, पण ते घरात. त्यांचा चेहरा लालभडक झाला. "दोन दिसांत नाव निघालं न्हाई, तर तू निघ!"

"निघते. पर त्या शेतकऱ्यांनी काय घोडं मारलंय? शब्द न्हाई लिहिणार."

तिला घुंगरांचा ढीग डोळ्यांसमोर दिसत होता. पण मान खाली घातली नाही.

मग तिनंच तोड सुचवली. दाजींची माणसं दुसऱ्या कुणाच्या हाताखाली घातली, तर नाव निघेल. अण्णांनी आजऱ्याच्या एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, "अण्णा, माझी बायकू दाजींची मावसबहीण. माझं जेवाण बंद हुईल." निपाणीच्या एजंटानं ऐकू येत नसल्याचं सोंग करून फोन ठेवला.

"मग माझ्याच हाताखाली घाल!" अण्णांनी छाती ठोकली. "मी काय कुणाला भितो?"

"अण्णा, दाजींच्या जागी जो असंल त्याचा फोन नंबर शेतकऱ्याच्या गॅरंटीच्या चिठ्ठीवर आपोआप छापला जातोय. तुमच्या नावावर घरचा हाय."

"छापू दे की!"

छापला. दाजींचं नाव निघालं, अण्णांनी ऑफिसभर पेढे वाटले आणि चिठ्ठ्या पोस्टानं शेतकऱ्यांकडे गेल्या.

मार्च लागलेला, उसाला पाणी हवं, आणि वीज कधी येईल ते विजेलाच ठाऊक. अण्णा देवपूजेला बसले की फोन वाजायचा. "पावणं, मोटार नुसती घुमतीया, पाणी उचलंना की!" तो ठेवावा तर दुसरा. पलीकडचा कानडीत सुरू झाला की बेळगावच्या रत्नव्वाला हुरूप यायचा. ती त्याच्या घरच्या सगळ्यांची खुशाली विचारायची, "आत्ता येतायत की आमचे हे!" असं परस्पर सांगायची आणि मग रिसीव्हर अण्णांच्या हातात द्यायची. "घ्या. तुमच्या हाताखालचा हाय."

इतकी वर्षं दाजी मोटारसायकलवर टांग टाकून बांधावर जात, शेतकऱ्याला चार शिव्या घालून पंप सुरू करून देत आणि चहा पिऊन परत येत. अण्णांनी पंप हजारांनी विकले होते, पण उघडून एकही पाहिला नव्हता.

शेवटी एका सकाळी ते तारवटलेल्या डोळ्यांनी प्रियदर्शनीपुढं उभे राहिले. "माझं नाव काढ त्यातनं."

तिनं बटण दाबलं. लाल चौकट आली.

"आता गं?"

"तुमच्या हाताखाली माणसं हायत, अण्णा. घेणारा गावला पायजे."

मग अण्णांनी गडहिंग्लजला फोन लावला. "दाजी, झालं गेलं इसरा. तुमची माणसं घ्या."

"घेतो की," दाजी जांभई देत म्हणाले. "पर आत्ता न्हाई. पावसाळा लागू दे. लई वर्सांनी दुपारची झोप मिळाय लागलीया."

पावसाळा लागला की पंपाला विचारतंय कोण! अण्णा पुन्हा प्रियदर्शनीकडं वळले. "प्रिया, तो शब्द लिही. तेवढा माझ्यापुरता."

"तुमच्यासकट शेतकरी जातील. न्हाई लिहिणार." तिनं ड्रॉवरमधून टाईप केलेला कागद काढून त्यांच्यापुढं सरकवला. "मला कायम केल्याची ऑर्डर. सही तेवढी करा. मग दुपारचे फोन हिकडं ऑफिसात वळवायचं बघू."

अण्णांनी कागदाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि दात-ओठ खात सही ठोकली. मग पडद्यावरच्या लाल चौकटीकडं बोट रोखून ते ओरडले, "ह्येला मालक कोण, त्ये म्हाईत न्हाई काय?"

"म्हाईत हाय की," कागदाची घडी घालत प्रियदर्शनी म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला सोडत न्हाई."