लाल उजेडातलं मटण

शेड एकच आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोघं. क्लेमला ती दुर्बिणीसाठी हवी होती, तर त्याच्या बायकोला, मर्लला, नव्या फ्रीजरसाठी. शनिवारी जावई दोन मेंढे कापून आणणार होता. ते काय दुर्बिणीत ठेवायचे?

“अकरा वर्षं दीर्घिका दीर्घिका म्हणून मला नुसता पुसट डाग दाखवतोयस,” मर्ल म्हणाली. “आज त्या चक्रासारख्या दीर्घिकेचे वळलेले हात दिसले, तर शेड तुझी. नाहीतर तुझं ते नळकांडं बाहेर!”

झालं! अंधार पडायच्या आतच क्लेमने कंबर कसली. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप आली की सगळी मेहनत फुकट. लाल उजेड तेवढा चालतो. म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या दिव्याला लाल कागद गुंडाळला, ओव्हनमधला बल्ब काढून खिशात घातला आणि ओसरीच्या दिव्यावर स्वतःचा मोजा चढवला.

“अरे, मटण तांबूस झालं का ते बघू कशी?” मर्ल दारातून ओरडली. “इथे मीसुद्धा तांबूस दिसतेय!”

“दार लाव! उजेड येतोय!”

मटण ओव्हनच्या भरवशावर सोडून ती अंगणात आली. क्लेमने तिला स्टुलावर बसवलं, डोक्यावरून काळं घोंगडं घातलं. “सरळ बघू नकोस. डोळा भिंगालाच ठेव, पण लक्ष बाजूला असू दे. पुसट गोष्ट कडेनेच दिसते.”

“डागच आहे रे!”

इकडे हे चाललेलं आणि तिकडे मटणाचा कोळसा. शेजारच्या थेल्माने पाहिलं, तर क्लेमच्या खिडक्या लालभडक आणि त्यांतून धूर! तिने तडक गावातल्या अग्निशमनवाल्यांना फोन लावला. सगळे दिवे पेटवून बंब थेट अंगणात घुसला.

“दिवे बंद करा!” क्लेम हात नाचवत धावला.

“याच्या डोक्यात धूर गेला वाटतं,” कप्तान डूगल म्हणाला. “आधी याला बाजूला घ्या रे!”

“आग नाहीये, बाबांनो! आकाश बघतोय आम्ही!”

दिवे बंद झाले. बंबावरच्या पोरांनी आतून जळकं मटण तेवढं बाहेर काढलं. क्लेमच्या डोळ्यांपुढे मात्र हिरवे ठिपके नाचत होते. आता कसली शेड न् कसलं काय! त्याला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात कुंपणाशी थेल्माचा आवाज आला, “तरी मी म्हणतेच, मर्लचं स्वयंपाकात लक्षच नसतं मेलीचं.”

इतका वेळ घोंगड्याखालच्या अंधारातच बसलेल्या मर्लचा डोळा भिंगावरून हलला नाही, पण सगळं लक्ष थेल्माकडे गेलं. भांडी घासता घासता शेजारी काय चाललंय ते टिपायची तिची तीस वर्षांची सवय.

“अगंबाई!” ती किंचाळली. “दिसले! दोन हात! गोल वळलेत रे, क्लेम!”

शेड वाचली. शनिवारी फ्रीजर आला, तो जेवणघरात गेला. त्या संध्याकाळी दुर्बिणीला मर्ल चिकटली होती आणि शेजारी थेल्मा आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. क्लेम स्वयंपाकघरात लाल उजेडात मटणाला काटा टोचत होता. काहीच कळेना. शेवटी त्याने गुपचूप टॉर्च लावला, अगदी क्षणभरच.

“क्लेम!” अंगणातून आवाज आला. “दार लाव! उजेड येतोय!”