डाळिंबाच्या पंपानं रंगवलेली स्कूटर

रविवारी सकाळी डेअरीला दूध घालून रणजित घरी आला, बायकोची स्कूटर स्टँडला लावली आणि बघतो तर डाव्या बाजूला वीतभर चरा! स्वतःची मोटरसायकल पंक्चर म्हणून त्यानं ही काढली होती. स्कूटर माधवीनं शाळेतल्या नोकरीच्या पगारातून घेतलेली. निमगाव केतकीला माहेरी जाताना ती बजावून गेली होती, "माझ्या गाडीला हात लावलात, तर महिनाभर बोलणार नाही." आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. मागं एकदा तिनं अकरा दिवस पाटीवर खडूनं लिहून संसार केला होता.

वाटेत उसाची ट्रॉली अगदी जवळून गेली होती. तिच्यातलाच एखादा ऊस लागला असणार, असा रणजितनं निकाल लावला.

"गॅरेजला टाक की," शेजारचे कचरूतात्या म्हणाले.

"तात्या, चार एकर डाळिंब मी एकटा फवारतो. एका स्कूटरला गॅरेज कशाला?"

माणसाला आत्मविश्वास असावा, पण रणजितला तो घाऊक मिळाला होता. नुसता चरा रंगवला तर ठिगळ दिसेल, म्हणून आख्खी गाडी रंगवायची ठरली. बारामतीतून लाल रंग आला. सीट काढली, पाठीवरचा फवारणीचा पंप धुतला, त्यात रंग आणि थिनर ओतला. इथपर्यंत ठीक होतं हो! पण गडी पडला हाडाचा बागायतदार. औषध पानाला धरून राहावं म्हणून फवारणीत स्टिकर नावाचं चिकट द्रावण घालतात, ते त्यानं रंगातही घातलं. वर दोन टोपणं जादा.

"रंगात कुणी घालतं व्हय?"

"तात्या, पाऊस झाला तरी पानावरचं औषध हालत न्हाय. ह्यो तर पत्रा हाय."

फवारणी झक्क झाली. स्कूटर अशी लालभडक दिसायला लागली की तात्यांनीही मान डोलावली. बारा वाजले, एक वाजला, पण रंग काही वाळेना. दोन वाजता रणजितनं बोट लावून बघितलं, तर बोटाबरोबर रंगाची तार लांबत आली. माधवीची एसटी पाचला होती.

"पंखा लाव," तात्या म्हणाले.

"पंख्यानं काय हुतंय? ट्रॅक्टरचा ब्लोअर लावतो."

बाग फवारायचा ब्लोअर तो! सुरू झाला तसं अंगणातलं भुसकट, पाचट आणि धुरळा उठला, गरागरा फिरला आणि स्कूटरवर जाऊन बसला. बसला तो बसलाच. आवाजानं बुजलेल्या शेळीनं दावं तोडलं आणि स्कूटरला अंग घासून पळाली. शेळी एका बाजूनं लाल झाली आणि स्कूटरला केस आले.

"पर पक्कं चिकटलंय बघ," तात्या म्हणाले.

पाचला माधवी दारात उभी. तिनं स्कूटरकडं बघितलं, मग शेळीकडं.

"हे काय?"

रणजितनं छाती पुढं काढली. "गाडी नवी केली तुजी!"

"मी हात लावू नका म्हणाले होते."

"हात कुठं लावला? पंपानं मारलाय."

आता पाटी निघणार म्हणून रणजितनं डोळे मिटले. पण माधवीचा आवाज एकदम उतरला.

"म्हणजे चरा दिसला तुम्हाला? मी तर ती बाजू भिंतीकडं करून लावत होते. मंगळवारी शाळेच्या गेटला घासली हो माझ्याकडून. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही."

रणजितनं डोळे उघडले. ट्रॉली, ऊस, डेअरी हे सगळं त्यानं एका घोटात गिळलं.

"दिसला की. म्हनलं, तुला वाईट वाटंल. गुपचूप नीट करून टाकावं."

तात्यांना जोराचा ठसका लागला. माधवीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"किती जीव लावता हो तुम्ही! रंगाचं काय, वाळेल आज ना उद्या." तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगोलग माहेरी फोन लावला. "बाबा, तुमच्या जीपला रंग द्यायचा होता ना? पुढच्या रविवारी इकडं घेऊन या. हे घरच्या घरी देतात."

रणजितनं लाल शेळीकडं एकदा बघितलं आणि घसा खाकरला.

"त्यास्नी म्हणावं, रंग तेवढा घेऊन या. बाकी सगळं आपल्याकडं हाय."