फॅक्सची पाठवणी

दवाखान्यातल्या फॅक्स मशीनची पाठवणी मार्लिस झास्ट्रोनं लेकीच्या थाटात केली. केक आणला, त्यावर निळ्या साखरेनं ‘सुखी राहा’ लिहिलं, आणि डॉक्टर क्वांटबाईंनी चार शब्द बोलून प्लग काढला. नवा नियम विस्कॉन्सिनच्या त्या एवढ्याशा गावापर्यंत येऊन पोचला होता. महागड्या औषधाला विमा कंपनीची पूर्वमंजुरी हवी, तर ती कम्प्युटरवरूनच मागायची. कागद बंद. नर्स म्हणून मार्लिसनं जन्मभर त्या यंत्राच्या तोंडात कागद कोंबले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते सुटकेचं. मशीन चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला गेलं, फोनलाइन तोडली, केक संपला.

मग एल्रॉय प्रिबिल आला. हाताची बोटं निखाऱ्यावरच्या सॉसेजसारखी टम्म फुगलेली.

“पोरी, शर्टाची बटणंही लावता येईनात. आज बायकोनं कपडे घातले मला. आणि घालताना हसत होती.”

पुढच्या शनिवारी त्याच्या नातीचं लग्न होतं. लग्नातली पहिली पोल्का, म्हणजे जोडीनं करायचा उड्यांचा नाच, आजोबांच्या अ‍ॅकॉर्डियनवर, हे नात पाळण्यात असतानाच ठरलेलं. संधिवाताच्या इंजेक्शनाची जुनी मंजुरी वर्षाबरोबर संपली होती, आणि नवी आल्याशिवाय औषधवाला बाटली हातात देईना.

“काका, आता कसली काळजी?” मार्लिस खुर्चीत ऐटीत बसली. “आता सगळं कम्प्युटरवर. तुम्ही कोट काढेपर्यंत होतंय बघा.”

कम्प्युटरनं विचारलं, ‘या औषधानं रुग्णाला बरं वाटतं का?’ तिनं ‘हो’ दाबलं. ‘मग आता औषधाची गरज काय?’ ती मागे गेली, ‘नाही’ दाबलं. ‘मग उपयोग नसलेलं औषध कशाला?’

“ह्याच्यापेक्षा माझी सासू परवडली,” मार्लिस पुटपुटली. “ती निदान उत्तर ऐकायच्या आधी जेवायला तरी वाढायची.”

शेवटी डॉक्टरबाईंनी स्वतः येऊन टाइप केलं, ‘बरं वाटतं, कारण औषध घेतो.’ पडदा कोवळ्या गवतासारखा हिरवा झाला. एल्रॉयनं एक हात कोटाच्या बाहीत घातला. तेवढ्यात अक्षरं उमटली, ‘निर्णय झाला आहे. गोपनीयतेसाठी तो आपल्या फॅक्सवर पाठवला आहे.’

एल्रॉयनं हात बाहीतून परत काढला.

मार्लिसनं कंपनीला फोन लावला. ‘थांबा’ म्हणून लावलेली बासरी ऐकून ऐकून कान किटले तेव्हा एक गोड आवाज आला. “मी कीगन. आज तुमचा दिवस कसा चाललाय?”

“तुमच्यामुळे चाललाय. अहो, आमच्याकडे फॅक्स नाही. तुमच्याच नियमानं काढला.”

“फार छान केलंत! अभिनंदन.”

“मग मंजुरी तोंडानं सांगा.”

“कोण बोलतंय ते मला कसं कळणार, ताई? फॅक्सचं तसं नसतं.”

“दुसऱ्या नंबरवर पाठवा.”

“नक्की. नंबर बदलायचा अर्ज तेवढा पाठवा. जुन्या नंबरवरून, फॅक्सनं.”

मार्लिसनं फोन ठेवला. म्हणजे ठेवलाच, आपटला म्हणणारे दवाखान्याबाहेरचे होते. मग काय सुचलं कुणास ठाऊक, तिनं दवाखान्याचा तो तोडलेला फॅक्स नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला कुणीतरी उचलला.

“हॅरल्ड?”

“कोण, आर्डिस? अगं, मी मार्लिस!”

आर्डिस क्रुम ही हॅरल्डची विधवा, चर्चच्या मागे राहायची. घरात मोबाइल लागेना म्हणून तिनं नुकताच तारेचा फोन घेतला होता, आणि फोनवाल्यांनी मोकळा पडलेला नंबर तिला देऊन टाकला होता.

“दिवसभर वाजतो गं,” आर्डिस म्हणाली. “उचलला की नुसतं चीं-खर्र, चीं-खर्र. हॅरल्ड सकाळी घसा साफ करायचा ना, अगदी तसंच. मी म्हटलं, मेल्यावर तरी ह्याला फोन करायचं सुचलं.”

“मग तू काय करतेस?”

“काय करणार? छपराची पन्हळ कुणी साफ केली, वर बर्फ किती साचलंय, सगळं सांगते. जिवंतपणी एवढं कधी ऐकून घेतलं होतं त्यानं?”

चर्चच्या तळघरात मशीन तसंच पडून होतं. फुकट म्हटलं तरी कुणी नेलं नव्हतं. मार्लिस आणि एल्रॉयनं ते त्याच्या नातवंडांच्या घसरगाडीवर चढवलं आणि बर्फातून ओढत आर्डिसच्या घरी नेलं. माहेरी परत आलेल्या लेकीसारखं ते ब्रेडच्या डब्याशेजारी जाऊन बसलं. प्लग लावला, आणि फोन वाजला. चीं-खर्र.

कागद येत राहिले. गावातल्या कुणाचं मूळव्याधीचं मलम, कुणाच्या झोपेच्या गोळ्या, पाद्रीबाबांचं तर विचारूच नका. सारी गोपनीयता आर्डिसच्या ओट्यावरून खाली घरंगळली. सगळ्यांत शेवटी एल्रॉयचा कागद निघाला. मंजूर.

शनिवारी पोल्का झाली. एल्रॉयची बोटं अशी धावली की नवरीची चप्पल सुटली आणि डॉक्टरबाई जेवणातला गार पडलेला माशाचा तुकडा तोंडात तसाच धरून नाचल्या.

नंबर बदलायचा अर्ज मार्लिसनं आर्डिसच्या स्वयंपाकघरातून पाठवला. कंपनीनं तो नामंजूर केला. असे अर्ज आता फक्त कम्प्युटरवरून घेतले जातात. कम्प्युटरवर त्या अर्जाची जागाच नव्हती. तेव्हापासून मार्लिस रोज सकाळी आर्डिसकडे जाते, कॉफी घेते आणि गावाची औषधं गोळा करून आणते.

वसंतात कंपनीचं प्रशस्तिपत्र आलं. ‘आपला दवाखाना संपूर्णपणे कागदमुक्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ आलं अर्थातच फॅक्सनं. आर्डिसनं ते ओव्हनमधून काढलेल्या गरम अ‍ॅपल-पायच्या थाळीखाली घातलं.

“छान जाड कागद आहे,” मार्लिस म्हणाली.

“हं,” आर्डिस म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला. मशीन उचलायच्या आत तिनंच झडप घालून रिसीव्हर कानाला लावला आणि मार्लिसकडे पाठ फिरवली.

“अहो, ऐका तर,” ती हळूच म्हणाली, “एल्रॉयच्या नातीचं लग्न झालं बरं का.”