अणकुचीरावांचं नवं प्रवेशद्वार

बाळांनो, एका जंगलातली ही गोष्ट. त्या जंगलातलं पान न् पान मला तोंडपाठ आहे. म्हणजे एसटीच्या खिडकीतून ते एकदा पाहिलंय. तेही निम्मंच. पुढे डुलकी लागली.

तर तिथे अणकुचीराव नावाचा साळिंदर राहायचा. बायको सुंद्राबाई, दोन पिल्लं, आणि टेकडीच्या पोटात बापजाद्यांनी खणलेलं बीळ. बिळाचं तोंड इतकं अरुंद, की एका वेळी एकच साळिंदर मावेल. आणि दार? दार नव्हतंच. साळिंदरांत दाराची पद्धत नाही. जो शेवटी घरात शिरेल त्याने तोंडाशी, बाहेरच्या बाजूला पाठ करून बसायचं आणि काटे फुलवायचे. झालं दार.

हसू नका रे. हेच दार पिढ्यान् पिढ्या टिकलं. बिबट्याने एकदा त्यात नाक घातलं होतं. जाताना नाकात तीन काटे घेऊन गेला. त्यानंतर तो ती वाटच टाळायचा.

पण एके दिवशी चितळीणबाई हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आली. दाराशी अणकुचीराव बसले होते. म्हणजे त्यांची ती बाजू बसली होती. चितळीणबाई तिच्याशीच पाच मिनिटं गोड गोड बोलली. मग तिच्या लक्षात आलं, की हे तोंड नव्हे.

झालं. दुपारपर्यंत रानभर एकच विषय. ‘अणकुचीरावांच्या घराचा दर्शनी भाग म्हणजे अणकुचीरावांचा मागचा भाग!’

अणकुचीरावांना हे फार लागलं. तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी जेवले आणि हुदहुदला बोलावून आले.

हुदहुद म्हणजे रानातला मोठा घरसजावटकार. डोक्यावर तुरा, चोचीत इंग्रजी. त्याने वनखात्याच्या विश्रामगृहाच्या छपरावर अख्खा उन्हाळा काढला होता. त्याचं स्वतःचं घर मात्र कोणी पाहिलं नव्हतं. वासच असा यायचा, की दहा झाडं अलीकडूनच माणूस मागे फिरावा. पण तुरा पाहून काम देणारे तेव्हाही होते, आत्ताही आहेत. तुमच्या बाबांना विचारा.

हुदहुदने बिळासमोर तीन फेऱ्या मारल्या. मान डाव्या बाजूला कलती केली. मग उजव्या.

“घर चांगलं आहे,” तो म्हणाला. “पण ते ‘या’ म्हणत नाही.”

“म्हणू नये म्हणूनच तसं आहे,” सुंद्राबाई आतून म्हणाल्या.

“वहिनी, हाच तो जुना विचार.”

“अगदी बरोबर!” अणकुचीराव म्हणाले. त्यांना तोवर जुना विचार कोणता, नवा कोणता, काही माहीत नव्हतं. पण बायको चुकते म्हटल्यावर त्यांना सगळं पटलं.

काम निघालं. बिळाचं तोंड खणून खणून तीन साळिंदरं हातात हात घालून जातील इतकं रुंद केलं. समोरची काटेरी करवंदाची जाळी तोडली, कारण तिच्यामुळे ‘व्ह्यू’ अडत होता. तीन पायऱ्या आल्या. पोर्च आला. पांढऱ्या मातीने लिंपलेली कमान आली. एवढं झालं आणि हुदहुद पुन्हा मान कलती करून उभा राहिला.

“कमान उघडीबोडकी दिसते. टेक्स्चर हवं.”

“कुठून आणायचं?”

हुदहुद अणकुचीरावांच्या पाठीकडे बघत राहिला.

“तीनशे लागतील,” तो म्हणाला. “इथलाच माल. बाहेरून मागवायला नको.”

सुंद्राबाई धावत बाहेर आल्या. “अहो, शुद्धीवर आहात का? काटे देवाने कशाला दिलेत?”

“शोभेला!” अणकुचीराव म्हणाले. “मग अंगावर शोभले काय, कमानीवर शोभले काय!”

आणि त्यांनी उपटून दिले. एकेक. प्रत्येक काट्याला “हं!” म्हणत, दात ओठ खात. बाळांनो, काटे गेल्यावर साळिंदराचं काय उरतं माहिताय? खात्यापित्या घरचा उंदीर. बाकी काही नाही.

“दुसऱ्या बाजूला थोडे कमी पडतात,” हुदहुद म्हणाला. “वहिनींचे दीडशे मिळाले तर...”

सुंद्राबाईंनी त्याच्याकडे पाठ केली. फक्त पाठ. हुदहुदला जवळच्या झाडावर काहीतरी काम आठवलं.

त्याच संध्याकाळी सुंद्राबाई घराच्या मागच्या भिंतीत एक अरुंद भोक खणायला बसल्या.

“हे काय चाललंय?” अणकुचीरावांनी विचारलं.

“स्वयंपाकघर वाढवतेय.”

“बाहेरून दिसणार आहे का?”

“नाही.”

“मग कर,” अणकुचीराव म्हणाले, आणि पुन्हा पोर्चमध्ये जाऊन उभे राहिले. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतील असे.

ससे थांबले, वाहवा करून गेले. मोर थांबला, जळून गेला. चितळीणबाई तोंडाशी बोलून गेली. अणकुचीरावांना स्वर्ग दोन बोटं उरला.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बिबट्या आला.

“अरे वा! इथे घर होतं?”

“होतं म्हणजे? बापजाद्यांपासून! या ना, या!”

“मी या वाटेने येत नसे. इथे काहीतरी टोचतं, असं आठवत होतं.” बिबट्याने कमानीकडे पाहिलं. “काटे खरे आहेत?”

“शंभर टक्के! आमचेच!”

“सगळे लावलेत?”

“एकही मागे ठेवला नाही!”

“छान,” बिबट्या म्हणाला. “आणि मी आत मावेन का हो? उगाच अंग चोरावं लागलं तर...”

“अंग चोरायचं? अहो, येणाऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणूनच तर एवढी रुंदी ठेवलीय!”

बिबट्याने पहिल्या पायरीवर पंजा ठेवला. दुसऱ्या पायरीवर ठेवला. तेव्हा कुठे अणकुचीरावांच्या रक्तातले बापजादे जागे झाले. ते गर्रकन वळले, पाठ बाहेर केली आणि सगळी ताकद लावून काटे फुलवले.

काहीच फुललं नाही.

बिबट्याला इतकं हसू आलं, की तो पोर्चमध्येच लोळला. तेवढ्यात अणकुचीराव आत पळाले. मागच्या भिंतीत भोक होतं. भोकात सुंद्राबाईंची पाठ होती, काटे फुलवलेली. तिच्यामागे दोन्ही पिल्लं सुखरूप.

“अगं सरक! बिबट्या आलाय!”

“ठाऊक आहे. तुम्हीच ‘या’ म्हणालात ना.”

“सुंद्रे, पाया पडतो!”

सुंद्राबाईंनी काटे जरासे मिटले. अणकुचीराव घुसले, पण घुसताना बायकोचे चौदा काटे अंगात घेऊन घुसले. मागोमाग बिबट्याचं नाक आलं. त्याला लगेच जुनं सगळं आठवलं. तो चार पावलं मागे सरला, घरभर हिंडला आणि म्हणाला, “राहू द्या तुमचं स्वयंपाकघर. बाकीचं मला पुरेल.”

तेव्हापासून पुढच्या घरात बिबट्या राहतो. अणकुचीरावांचं बिऱ्हाड मागच्या भोकात. सुंद्राबाईंनी टेकडीच्या पलीकडे नवी वाट काढली. अरुंद. अणकुचीराव तिथून बाहेर येतात, वळसा घालून समोरच्या टेकाडावर बसतात, आणि जो भेटेल त्याला ती कमान लांबून दाखवतात. या गोष्टीचं तात्पर्यही त्यांनीच काढलंय. आपण ते कशाला बदलायचं?

तात्पर्य : दर्शनी भागासाठी अंगावरचं सगळं उपटून द्यावं. घर गेलं तरी हरकत नाही. ते कोणाचं, हे चारचौघांच्या कायमचं लक्षात राहतं.

हे त्यांनी घरी मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा सुंद्राबाई दाराशी बसल्या होत्या. मागे न वळताच म्हणाल्या, “राहतं तर! कालच भेकरीण विचारत होती, बिबटेभाऊंनी कमानीला ते काटे कुठून आणले म्हणून. काय सांगू तिला?”