टेलरमास्तरांचा आजार

"गल्लीतलं कुठलंही गुपित माझ्या खुर्चीत बसलं की दाढीबरोबर उतरतं," असं सलूनवाला छाती फुगवून सांगायचा. खोटं नव्हतं ते. कुणाचा जावई रुसला, कुणाच्या घरात भांडी आदळली, सगळं सकाळी नऊला त्याच्याकडे यायचं आणि दहाला बाहेर पडायचं. पोटात काही ठेवायची सवयच नव्हती बिचाऱ्याला. आणि नेमक्या अशा माणसाच्या वाट्याला स्वतःचं एक गुपित आलं.

चार महिने झाले, बायको जवळ आली की तो भिंतीकडे तोंड करून घोरायचा. झोप कसली लागतेय. मन तयार असायचं, शरीर ऐनवेळी दगा द्यायचं. बायको आधी हसली, मग गप्प झाली आणि एका रविवारी कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "मी आवडत नसेन तर तसं सांगा. मी काही रडणार नाही." आणि रडली.

मग मात्र त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि दोन बस बदलून लांबचा दवाखाना गाठला. काउंटरवरच्या बाईंनी नाव आणि धंदा विचारला, तशी त्याची पाचावर धारण बसली. तोंडात आलं ते शेजारचं दुकान. "टेलर," तो म्हणाला आणि टेलरमास्तरांचं नाव ठोकून दिलं.

आत डॉक्टरबाई. "सिगारेट किती?"

"मोजत नाही."

"म्हणजे पुष्कळ."

त्यांनी रक्त तपासलं, प्रेशर बघितलं, गार जेल फासून मशीनवर रक्ताचा प्रवाह पाहिला. "ओटीपोटातून खाली जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. तिथे पुरेसं रक्तच पोचत नाही. लाजू नका, पण दुर्लक्षही करू नका. त्या वाहिन्या बारीक, म्हणून तिथे आधी कळतं. हृदयाची पाळी मागाहून येते." सिगारेट बंद, प्रेशरची गोळी, रोज पाऊण तास झपझप चालणं. "हृदयाची तपासणी करून पंधरा दिवसांनी या, मग त्या त्रासावरची गोळी देते. कुणाच्या सांगण्यावरून काही घेऊ नका. आणि बायकोला सांगा."

बायकोला सांगणं सोडून त्याने सगळं केलं. पण चौथ्या दिवशी गुपित पोटात मावेना. एकाच्या गालाला फेस लावता लावता तो बोलून गेला, "चालल्याने तिकडचं रक्त सुधारतं म्हणे. आपल्यातल्या एकाला तो त्रास आहे."

"कुणाला?"

ब्रश हवेतच थांबला. "टेलरमास्तरांना. कुठे बोलू नका."

त्या सलूनमध्ये 'कुठे बोलू नका' म्हणजे दवंडीच. दुपारपर्यंत इस्त्रीवाला मास्तरांना कसलंसं तेल देऊन आला. शर्टाचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने त्यांचाच खांदा थोपटून "धीर सोडू नका" म्हटलं. संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला, मुलीला थोडे दिवस माहेरी पाठवता का म्हणून. तेव्हा मास्तर हातातल्या कात्रीसकट सलूनमध्ये शिरले.

"कुणी उठवलं हे?"

खुर्चीत एकाची अर्धी दाढी झालेली, बाकावर तिघं. सलूनवाल्याने आरशात पाहिलं. आरशात मास्तर होते, कात्री होती आणि दारात डबा घेऊन आलेली त्याची बायको होती.

"मास्तर, तुम्ही ठणठणीत आहात," तो म्हणाला. "तो त्रास मला आहे." आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटणार कसं? गार जेलपर्यंत सगळं सांगून टाकलं.

बायकोने डबा बाकावर ठेवला. "म्हणजे माझ्यात काही खोट नाही?"

"तुझ्यात कसली खोट? चोंदलोय मी."

"मग चार महिने त्या भिंतीला काय सांगत होतात?" ती डोळे पुसत हसली. "उद्यापासून मीही येते चालायला. वाटेत सिगारेट काढलीत तर मास्तरांची कात्री माझ्या हातात असेल."

मास्तरांची कात्री एव्हाना खिशात गेली होती. जाता जाता ते सलूनवाल्याच्या कानाशी वाकले. "दवाखाना कुठे म्हणालास?"

"तुम्हाला कशाला?"

"साडूला हवा होता."

बाकावरच्या तिघांनी कान टवकारले.

पंधरा दिवसांनी हृदयाचा चांगला रिपोर्ट घेऊन नवरा-बायको दवाखान्यात गेले. आता खरं बोलायचं, असं त्याने ठरवलंच होतं. "बाई, मागे मी खोटं सांगितलं. मी टेलर नाही, माझं सलून आहे." आणि त्याने स्वतःचं नाव सांगितलं.

काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून सहा केसपेपर काढून पुढे मांडले. सहाही त्याच्याच नावाचे, धंदा सलून.

"पंधरा दिवसांत तुम्ही सातवे," त्या म्हणाल्या. "काल आलेल्याच्या तर गळ्यात मापाची टेप होती."

सलूनवाल्याचे डोळे चमकले. सहा गुपितं एकदम! तोंड उघडणार, एवढ्यात बायकोने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"कुठे बोलू नका," ती म्हणाली.