तहाची बातमी सांगणारे आबा

आमचे मुकादम येसूआबा दगडाला पहार लावण्याआधी त्याच्या कानात बोलतात. दगडाला कान कुठे असतो ते त्यांना बरोबर माहीत आहे. काळ्या कातळावरून हात फिरवत जातात, एखाद्या खाचेपाशी थांबतात, तोंड जवळ नेतात आणि म्हणतात, "लढाई मिटली बरं का. तह झालाय. उतरा आता खाली." मग जरा वाट बघतात. "ऐकतोय," म्हणाले तर दगड दोन हिसक्यांत सुटतो. "इस्वास बसंना गड्याचा," म्हणाले तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

आमचं काम घाटातलं. खंडाळ्याखाली रुळांवर झुकलेल्या कड्यांतले सुटायला आलेले दगड पावसाळ्याआधी आपणच पाडायचे. वर झाडाला दोर बांधायचा, कमरेला पट्टा, आणि गाड्या थांबवून जो तासभर मिळतो त्यात कड्यावर लोंबकळून पाडता येईल तेवढं पाडायचं. मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सोडली, तेव्हापासून सपाट जमिनीवर मिळेल ते केलं. आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी. चौतिसाव्या वर्षी बायको-पोरीला गावी ठेवून ठेकेदाराच्या जीपमधून इथे उतरलो, तेव्हा काम नेमकं कसलं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी चार हात खाली गेलो आणि हातपायच चालेनात. मला पोत्यासारखं वर ओढावं लागलं. रेल्वेचे साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत बघू. नाही जमलं तर परत गावी." इकडे पोरीनं अख्ख्या आळीला सांगून ठेवलेलं, बाप रेल्वेत लागला म्हणून.

"शनवार लांब हाय," आबा म्हणाले. "या पावनं, बसा हितं."

हितं म्हणजे कड्याच्या टोकाला, दरीत पाय सोडून. पांढऱ्या टोपीवर पिवळं हेल्मेट चढवलेले आबा शेजारी बसले आणि लढाई सांगू लागले.

"खाली कोकनात खारदेव, समुद्राचा धनी. हितं वर ढगराखा. भांडान ढगांवरनं. निघत्यात समुद्रातनं, पडत्यात डोंगरावर. मंग मालक कोन? बांधावरच्या आंब्यागत झालं बगा. मूळ एकाच्या रानात, आंबं दुसऱ्याच्या."

मग खारदेवानं समुद्र उभा केला. नेहमी आडवा पसरलेला असतो तो, चादरीसारखा उचलून उभा, माशांसकट. पलीकडचा सूर्य हिरवा दिसायला लागला. ढगराखा विजांची पेंढी काखेत मारून कड्यावर आला. समोर नागफणीचं टोक दिसतं ना, तो त्याचा मोडलेला भाला. मोडला तेव्हा एवढा आवाज झाला की त्या वर्षी मावळातलं एकही पाखरू बोललं नाही. इथं आले की आबांचा आवाज अगदी खाली यायचा. माझ्या अंगावर काटा यायचा. आपले पाय हवेत आहेत हे मी साफ विसरून जायचो.

पहारींना धार लावणारे रफिकभाऊ मधेच विचारायचे, "आबा, तुमचे देव पगारी होते का रोजंदारीवर?"

"रोजंदारीवर. म्हनून तर लढाई सात पावसाळं लांबली!"

चहा उशिरा आला की ती खारदेवाची चाल. दोर गुंतला तरी खारदेवच. पण आबांचा खरा जीव लढाईत नव्हता, लढाईनंतर काय झालं त्यात होता. दोघे देव दमले, अर्धे ढग तुझे, अर्धे माझे ठरलं. वाटणी घाटातच झाली म्हणून इथे एवढं कोसळतं. फक्त कड्याला चिकटून लढणाऱ्या शिपायांना कळवायचं राहिलं. दवंडीवाला उंचीला भ्याला, खालूनच ओरडला, वाऱ्यानं त्याचा आवाज नेला. हुकमाची वाट बघता बघता शिपायांचे दगड झाले.

"त्यास्नी शिव्या दिऊन पहार मारायची न्हाई," आबा बजावायचे. "लय दमल्यात."

शनिवार आला. साहेब खाली रुळांपाशी उभे. मी आणि आबा शेजारशेजारच्या दोरांवर. दगडावरची नजर न हलवता मी वीस हात उतरलो, तीस हात उतरलो. पुढे कडा आत वळतो, तिथे आम्ही नुसते हवेत लटकलो.

"आबा," मी कसाबसा म्हणालो, "तहाच्या दुसऱ्या दिवशी काय झालं?"

मी मान वळवली. आबांचे डोळे गच्च मिटलेले, दोरावरच्या मुठी पांढऱ्याफटक.

"थांबा जरा," ते पुटपुटले. "दर बारीला व्हतंय. दगडासंगं बोललं की जातंय. हितं दगूडच न्हाई हाताला."

"किती वर्षं होतंय?"

"अठ्ठावीस."

कुणीतरी बोलायलाच हवं होतं. मला गोष्ट रचता येत नाही. तोंडाला येईल ते बोलत सुटलो. "तहाच्या दुसऱ्या दिवशी, आबा, कड्याखाली एक देव सापडला. ना वरचा, ना खालचा. लांबच्या सपाट मुलखातला. कामाला म्हणून आलेला. लढाई आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

"हत्यार?" डोळे मिटलेलेच.

"नव्हतं. लई घाबरलेला होता."

"नाव काय त्याचं?"

"कुणी विचारलंच नाही."

वरून रफिकभाऊ ओरडले, "अहो, दगड पाडताय का सोयरीक जमवताय?"

आबांच्या मुठी थोड्या सैल झाल्या. "मंग?" त्यांनी विचारलं. "माघारी धाडला का त्याला?"

मला पुढचं सुचेना. खरंच सुचेना. खाली साहेब मनगटावरचं घड्याळ बघत होते.

आबांनी एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. मग दुसरा उघडला.

"न्हाई धाडला," ते म्हणाले. "ढगराख्यानं त्याला चुलीपाशी बसवला. म्हनला, आदी जेव, मंग नाव सांग."

त्यांनी झोका घेऊन कातळ धरला आणि मलाही पट्ट्याला धरून ओढून घेतलं. "हां, घ्या. तुमी डावीकडनं पहार लावा, म्या उजवीकडनं लावतो."