दोन ते पाच दार उघडू नये

जतमध्ये घरचा इन्व्हर्टर घरातली उपकरणं निवडतात. माणसांनी फक्त चहाचं बघायचं असतं. कोळेकरांच्या घरची बैठक मंगळवारी सकाळी अकराला ठरली. तशी नोटीस फ्रीजच्या परवानगीने फ्रीजच्याच दारावर चिकटवली होती. ठराव एकमताने व्हावा लागतो. एकही उपकरण नाराज राहिलं तर बैठक मोडते आणि पुढची पंधरा दिवसांनी.

सून उज्ज्वला हिला पंधरा दिवस परवडणार नव्हते. तिचे सासरे, गंगाधर कोळेकर, यांनी चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आणि त्यातलं बरंचसं पीठ छातीत साठवलं. आता ते मधल्या खोलीत खाटेवर असत, नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. वीज रोज दुपारी दोनला जायची ती पाचला यायची. तेवढा वेळ सिलिंडर लावायचा. भरलेला सिलिंडर एकच उरला होता, आणि तो आजच्या दुपारी संपणार होता. उद्या दोन वाजता काय, हे उज्ज्वलाला ठाऊक नव्हतं.

ऑक्सिजनचं मशीन भाड्याचं असल्याने त्याला मत नव्हतं. त्याने हजर राहावं, बोलू नये, असा नियम होता. बिचारं खालमानेनं सूं-सूं करत बसलं.

अध्यक्षपद ज्येष्ठतेने फ्रीजकडे गेलं. फ्रीज बावीस वर्षांपूर्वी घरात आला, उज्ज्वला अठरा; म्हणून ती त्याला अहो-जाहो करी. अर्थात, मनातून ती त्याला यंदा दिवाळीत मोडीत काढणार होती, पण हे तिने दुकानदार रेवणसिद्ध सोडून कुणाला सांगितलं नव्हतं.

रेवणसिद्धने दोन उमेदवार टेम्पोतून आणले आणि नियमाप्रमाणे तोंड मिटून दाराशी बसला. पहिला उमेदवार चकचकीत होता. "काय वाटेल ते लावा," तो म्हणाला, "मिक्सर लावा, इस्त्री लावा, माझी ना नाही." मिक्सर खूश झाला. पंख्याने मात्र विचारलं, "विजेची लाट कुठली?" उमेदवार जरा घुटमळला. "चौकोनी. पण चालतं सगळं." पंखा म्हणाला, "मी गुरगुरत चालेन. भाड्याचे पाहुणे तर तापून बंद पडतील." उमेदवाराला चहा देऊन परत टेम्पोत ठेवलं.

दुसरा उमेदवार करडा, बसका, दिसायला अगदीच सामान्य. "मी सातशे वॅट उचलतो," तो म्हणाला. "क्षणभर बाराशे. त्यापुढे एकही नाही; पडेन, आणि पडलो की सगळ्यांना घेऊन पडेन. लाट शुद्ध आहे."

आपल्याला काय जमत नाही हे पहिल्या दमात सांगणारा उज्ज्वलाने आयुष्यात पाहिला नव्हता, माणसांतसुद्धा. तिला तो तिथेच आवडला.

बेरीज सुरू झाली. मशीन साडेतीनशे, पंखा साठ, ट्यूब वीस, टीव्ही साठ, फ्रीज दीडशे. सहाशे चाळीस! चटणी दोनच्या आत वाटून घ्यावी असं म्हणत मिक्सरने स्वतःहून माघार घेतली. उज्ज्वलाने इतिवृत्तात 'एकमताने' लिहायला पेन टेकवलं.

"थांब गं," खाटेवरून मामंजी म्हणाले. "बेरीज चुकलीया."

"कुठं, मामा?"

"मोटार चालताना काय खाती ते लिवलंस. उठताना काय खाती ते इचार की." चाळीस वर्षं मोटारी उठवलेला माणूस तो. धाप लागली म्हणून थांबला आणि मग फ्रीजकडे वळला. "सांग रं. लाजू नको."

"नऊशे," फ्रीज म्हणाला. "पूर्वी कमी लागायचे."

बाकीच्यांचे चारशे नव्वद, त्यात हे नऊशे; बाराशेच्या पार. करडा उमेदवार हळूच म्हणाला, "पडेन." उज्ज्वलाचे डोळे भरून आले. फ्रीजला वगळायचं तर त्याची संमती हवी, आणि बावीस वर्षांच्या ज्येष्ठाला तू बाहेर राहा म्हणायचं कुणी?

"माझ्याविषयीचा प्रश्न आहे, तेव्हा मी खुर्ची सोडतो," फ्रीज म्हणाला. अध्यक्षपद पंख्याकडे गेलं. तो नाहीतरी सगळ्यांच्या वर असतो. पाच मिनिटांची विश्रांती झाली. त्या पाच मिनिटांत फ्रीजचा आवाज पूर्ण थांबला होता.

"दोन ते पाच मी बंद राहीन," आवाज परत आल्यावर तो म्हणाला. "गारवा करायला मला वीज लागते, धरून ठेवायला नाही. अट एकच. त्या तीन तासांत माझं दार कुणी उघडायचं नाही. आणि मी थकलो म्हणून बाजूला झालो, असं लिहू नये."

"नाही लिहिणार हो," उज्ज्वला म्हणाली. तिला दिवाळीची फार लाज वाटली. टीव्हीलाही भरून आलं. आपण दोन ते पाच आवाज कमी ठेवू, असं त्याने जाहीर केलं. त्याने वीज काही वाचत नाही, तरी इतिवृत्तात घेतलं. ठराव एकमताने झाला, आणि रेवणसिद्धने आल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडून चहा मागितला.

बुधवारी दोनला वीज गेली. करड्याने भार उचलला. मशीनची सूं-सूं तुटलीसुद्धा नाही. फ्रीज शांत झाला. तीनच्या सुमाराला उज्ज्वलाचा नवरा उन्हातून आला आणि सवयीने गार पाण्यासाठी फ्रीजच्या दाराला हात घालणार, तोच खाटेवरून आवाज आला. महिनाभरात मामंजींचा आवाज एवढा चढला नव्हता.

"हात काढ! ड्युटीवर हाय त्यो!"

नवऱ्याने माठातलं पाणी घेतलं.

पाचला वीज आली. घर कान देऊन बसलं. फ्रीज एकदा थरथरला, आणि गुणगुणायला लागला.

"उठला का?" मामंजींनी विचारलं.

उज्ज्वलाने दार उघडून दुधाच्या पातेल्याला हात लावला. गार होतं. "उठले, मामा."

"एका दमात?"

"एका दमात."

"रेवणसिद्धाला सांग, दिवाळीला कायबी आणू नको म्हणावं," मामंजी म्हणाले. "आन् आता त्याला इचारून दूध काढ. च्या टाक."

उज्ज्वलाने विचारलं. फ्रीज हो म्हणाला.